भाषेची दुसरी पायरी



बोरगावच्या व्याख्यानात फ्रेंच भाषा कशाला, असे तुमच्या मनात आले असेल. संत्र्याच्या बागा, कारखान्याच्या पाळ्या आणि नागपूरच्या फेऱ्या यांत आपले दिवस जातात. पॅरिसशी आपला संबंध काय?

संबंध आपल्या घरातच आहे. आपली मुले, नातवंडे नागपूर-पुण्याला शिकायला जातात आणि इंजिनिअरिंग किंवा वाणिज्याच्या जोडीला फ्रेंचचा वर्ग लावतात. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. आलियाँस फ्राँसेझचे वर्ग पुण्यातही आहेत, मुंबईतही. मूल सुट्टीत घरी आले की आपण विचारतो, "किती येते रे फ्रेंच?" ते सांगते, "ए-टू झाले." आपण मान हलवतो आणि चहा पुढे करतो. हे ए-टू म्हणजे नक्की काय, ते आज पाहू. त्यावरून आपल्या घरातल्या मराठीचीही थोडी तपासणी होईल.

युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाज्ञान मोजण्याची एक शिडी प्रसिद्ध केली. तिला सहा पायऱ्या आहेत: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. आपले मूल दुसऱ्या पायरीवर असते. साधारण दोनशे तासांच्या शिकवणीत तिथवर पोचता येते, असा अंदाज धरतात. या पायरीवरचा विद्यार्थी स्वतःविषयी, घरच्यांविषयी, शिक्षणाविषयी साध्या वाक्यांत सांगू शकतो. बाजारहाट करतो, रस्ता विचारतो, काल काय केले ते सांगतो. डेल्फ नावाची परीक्षा असते. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे तिचे चार भाग, प्रत्येकी २५ गुणांचे. उत्तीर्ण व्हायला शंभरात ५० हवेत आणि कोणत्याही भागात ५ च्या खाली जाऊन चालत नाही. म्हणजे नुसते घोकून लिहिणारा तरत नाही आणि नुसता बडबड्याही तरत नाही.

या पायरीपर्यंत येताना मराठी मुलाच्या गाठीशी किती शिदोरी असते, हे बहुधा त्याला कोणी सांगत नाही. फ्रेंचमध्ये ऐंशीला 'कात्र-व्हँ' म्हणतात, म्हणजे चार वीस. नव्वद म्हणजे चार वीस दहा. वर्गातली मुले हसतात. पण आपल्याकडची जुनी माणसे बाजारात 'चार विसा' म्हणतच होती. ज्या आजीने विसांवर हिशेब केला, तिला हा आकडा एका मिनिटात कळला असता.

भूतकाळाचेही तसेच. 'मी शाळेत गेलो' आणि 'मी शाळेत जायचो' यांतला फरक मराठी मूल चार वर्षांचे असल्यापासून जाणते. एक गोष्ट एकदा घडली, दुसरी नेहमी घडत असे. फ्रेंचमध्ये या दोहोंना दोन वेगळे भूतकाळ आहेत आणि ए-टूच्या वर्गात मुले सर्वांत जास्त अडखळतात ती इथे. कारण शिकवणे इंग्रजीतून चालते आणि इंग्रजीत दोन्ही ठिकाणी बहुधा एकच रूप चालून जाते. मूल फ्रेंच वाक्याचे आधी इंग्रजी करते, मग गोंधळते. मराठी केले असते तर गोंधळले नसते.

आणखी एक पाहा. आपण 'तो वारला, ती वारली' म्हणतो. इथे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते. पण 'मी लेख लिहिला, मी चिठ्ठी लिहिली' म्हणताना ते कर्माप्रमाणे बदलते. फ्रेंचमध्ये 'इल ए मॉर' म्हणजे तो वारला, 'एल ए मॉर्त' म्हणजे ती वारली. आणि 'मी लिहिलेले पुस्तक' म्हणताना शेवटी 'एक्री' येते, 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना 'एक्रित'. कारण पुस्तक तिथे पुल्लिंगी आणि चिठ्ठी स्त्रीलिंगी. कर्म क्रियापदाच्या आधी आले तरच तिथे असा बदल होतो, आपल्याकडे एरवीही होतो. नियम अगदी एक नाही, पण ओळखीचा आहे. 'तू' आणि 'तुम्ही' यांचा भेदही त्या भाषेत आहे आणि तो चुकला तर माणूस तिथेही दुखावतो.

मग अडते कुठे? दुसऱ्या पायरीच्या पुढे. परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळाले, की बरीच मुले थांबतात. काय झाले ते त्यांना सांगता येते. का झाले, आपल्याला ते पटते की नाही, समोरच्याचे म्हणणे कुठे चुकते, हे सांगता येत नाही. ते तिसऱ्या-चौथ्या पायरीचे काम. पुस्तक वाचणे त्याहून पुढचे.

आपल्याच लोकांत ही मजल मारणारे झाले आहेत. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. वयाची पन्नाशी उलटलेली, प्रकृती ठीक नाही, शिक्षक नाही. तरी त्यांनी पुस्तकांवरून जर्मन आणि फ्रेंच शिकायला घेतले, कारण त्या भाषांतले ग्रंथ मुळातून वाचायचे होते. दुसरे उदाहरण मराठी माणसाने विसरू नये असे आहे. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठी भाषा कशी घडली यावर प्रबंध लिहिला. १९२० साली तो पॅरिसला ग्रंथरूपाने निघाला. आपल्या भाषेचा एवढा शास्त्रशुद्ध इतिहास, आणि तो फ्रेंचमध्ये! वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ मध्ये 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. इंग्रजी भाषांतर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाले. परांजपे दुसऱ्या पायरीवर थांबले असते, तर हे घडले नसते.

आता माझ्या व्यवसायातले थोडे सांगतो, कारण दुसऱ्या पायरीची मर्यादा मला तिथे रोज दिसते. होमिओपॅथीचे जनक हानेमान जर्मन. तरुणपणी त्यांनी फ्रेंच ग्रंथांची जर्मन भाषांतरे केली होती. १८३५ साली, ऐंशीव्या वर्षी, ते पॅरिसला राहायला गेले आणि १८४३ मध्ये निधन होईपर्यंत तिथे रोगी तपासत राहिले. तिथल्या त्यांच्या रुग्णनोंदी बहुतांशी फ्रेंचमध्ये आहेत. 'ऑर्गनॉन'च्या ८४ व्या परिच्छेदात त्यांचा दंडक आहे की रोगी आपले दुखणे ज्या शब्दांत सांगतो, त्याच शब्दांत वैद्याने ते टिपून घ्यावे. ऐंशीव्या वर्षी परक्या शहरात हा दंडक पाळायचा, तर भाषा किती आत उतरलेली असावी लागेल!

बोरगावात तो दंडक पाळताना काय होते? साठी ओलांडलेली बाई सांगते: डोक्यात ठणका लागतो, कधी कळ येते, डोळ्यात चुरचुरते, पायाला मुंग्या येतात, पोटात मुरडा पडतो, छातीत भगभगते. प्रत्येक शब्द वेगळ्या औषधाकडे बोट दाखवतो. तिच्याच घरातला विशीचा मुलगा येतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, डोकं दुखते." कसे दुखते? "खूप." अजून? "म्हणजे, पेन होते." फ्रेंचच्या ए-टू विद्यार्थ्यालाही एवढेच येते: डोके दुखते, पोट दुखते, ताप आहे. त्याची परकी भाषा आहे, त्याचे ठीक आहे. पण या मुलाची तर ही घरची भाषा.

वाचकहो, म्हणून म्हणतो, ती शिडी एकदा आपल्या मराठीला लावून पाहा. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी राज्य तेच. शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत, कचेरी हिंदीत, घरी 'मले-तुले'ची मराठी. यात हिंदीचा दोष नाही. तिने आपल्याला पोटापाण्याला लावले. पण त्या शिडीची एक सोय अशी की ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे वेगवेगळे मोजता येते. आपल्या मुलांचे ऐकणे वरच्या पायरीवर असते. बोलणे जेवणखाण आणि नातेवाईक यांपाशी थांबते. वाचणे त्याहून खाली. लिहिणे अनेकांचे पहिल्या पायरीवरही नसते. आजोबांनी जपून ठेवलेली पत्रे नातवाला वाचता येत नाहीत, अशी घरे तुमच्याही ओळखीची असतील.

पुण्या-मुंबईत तरी वेगळे काय आहे? बारावीला मराठीऐवजी फ्रेंच घेतली तर गुण जास्त मिळतात, हा हिशेब तिथे बरीच वर्षे चालतो. तेव्हा सीमेवरच्या आपण एकट्यानेच अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

उपाय मला आमच्या जैन परंपरेत सापडतो. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचणे, विचारणे, मनात घोळवणे, म्हणून पाठ करणे आणि शेवटी दुसऱ्याला समजावून देणे. ते धर्मग्रंथांसाठी आहे, पण भाषेलाही लागू पडते. ए-टूचा विद्यार्थी वाचतो, पाठ करतो, थोडे विचारतो. उरलेली दोन अंगे राहून जातात. ती पुरी करायला घराइतकी चांगली जागा नाही. सुट्टीत आलेल्या मुलीला सांगा, "तुझ्या फ्रेंचचे ते दोन भूतकाळ मला मराठीत समजावून दे." तिला आधी 'गेलो' आणि 'जायचो' यांचा विचार करावा लागेल. तिची फ्रेंच पक्की होईल आणि मराठीही प्रथमच तिच्यापुढे अभ्यासाचा विषय म्हणून उभी राहील.

दुसरे काम त्याहून सोपे. डेल्फच्या ए-टू परीक्षेत दोन छोटे मजकूर लिहायचे असतात. एकात आपला एखादा अनुभव सांगायचा, दुसऱ्यात कोणाच्या तरी निरोपाला उत्तर द्यायचे: आमंत्रण स्वीकारा, आभार माना किंवा येता येत नाही म्हणून क्षमा मागा. प्रत्येकी साठेक शब्द पुरतात. येत्या दिवाळीला फ्रेंच शिकणाऱ्या मुलाला हे दोन्ही मजकूर फ्रेंचमध्ये लिहायला सांगा, आणि मग तेच मराठीत, मामाला किंवा आत्याला उद्देशून. दोन्ही कागद शेजारी ठेवा. मराठीचा कागद कोरा राहिला तर रागावू नका. शेजारी बसून पहिली ओळ तुम्ही लिहा, दुसरी त्याला लिहू द्या. आणि पत्र झाले की ते खरोखरच पोस्टात टाका, म्हणजे मामाला उत्तर लिहावे लागेल.