भाड्याच्या घराच्या खिडक्या

बर्डीवरच्या गल्लीत माझे एक जुने घर आहे. खाली दुकान, वर भाडेकरू. गेल्या चैत्रात भाडेकरू काका आले नि म्हणाले, "भाऊ, खिडक्यांचं काही करा. झडप लागत नाही, धूळ थेट ताटात येते." मी एका ठेकेदाराला बोलावले. त्याने खिडक्यांना हातही लावला नाही. "सहाही काढू, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवू. जुनं लाकूड मीच नेईन." जुने लाकूड फुकट उचलून नेणारा भेटला, की आपण जरा थांबावे! ते सागवान होते.

मग एक म्हातारा सुतार आणला. त्याने प्रत्येक चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पावसाचे पाणी मुरते तिथे, पेचकस दाबला. चार ठिकाणी तो शिरेना. दोन ठिकाणी बोटभर आत गेला, तिथे वाळवी. चारांचा रोग वेगळाच निघाला. वर्षानुवर्षे रंगावर रंग चढलेला, बिजागऱ्या झिजलेल्या, काचेची लांबी सुकून गळालेली. रंग खरवडा, कडा रंधा, बिजागऱ्या बदला, लाकडाला जवसाचे तेल पाजा, बस्स. म्हणजे बदलायच्या दोनच.

आणखी एक गोष्ट. आपल्या नागपुरात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा खिडकी म्हणजे कूलरची जागा. कूलरची ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी सताड उघडी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी उघडून उघडणार अर्धीच. गाड्यांचा आवाज मात्र सरकती कमी करील, असा काकांचा समज होता. रुळांच्या फटी राहतातच, म्हणून मला तो फारसा पटला नाही.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ सालचा. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याप्रमाणे घर नीट राखणे मालकाचे काम. भाडेकरूने नोटीस देऊन १५ दिवसांत मालक हलला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. मात्र वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपेक्षा जास्त नाही. महिना १,२०० भाडे असेल, तर वर्षाला ३,६०० रुपये. तेवढ्यात चौकटी होत नाहीत, हेही खरेच.

हे मी काकांना सांगितले, तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "चार वर्षं झाली, झडप सुतळीनं बांधून ठेवतो. बोललो असतो, तर तुम्ही भाडं वाढवलं असतं, नाही तर घर सोडा म्हटलं असतं." चार उन्हाळे! आणि मी दरमहा त्याच खोलीत बसून चहा घेत होतो.

भाडे तेवढेच ठेवून काम केले. दोन चौकटी नव्या झाल्या. त्यातली एक पहिल्या पावसात फुगली, अजून थोडी अडते. सुतार दिवाळीआधी येतो म्हणाला आहे. सुतळी काकांनी अजून काढलेली नाही.