अठरा वर्षं पूर्ण झाली, मग थेरपी बंद?

(अपंग मुलींच्या पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. 'मतिमंद' हा तेव्हाचा शब्द. कारण असं दिलं गेलं की या मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. मुलींच्या शरीरावर निर्णय घेणारे तुम्ही कोण, हा आपला सवाल होता आणि तो आजही कायम आहे. मला आज त्याच्याच जोडीचा दुसरा सवाल विचारायचा आहे. पाळी कशी सांभाळायची हे मुलींना शिकवायचं काम कोणाचं असतं?

हे शिकवता येतं. चड्डीला पॅड लावणं, भरलं की ओळखणं, काढून कागदात गुंडाळणं, हात धुणं, अशा लहान लहान पायऱ्या करून रोज थोडं थोडं शिकवावं लागतं. ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात ती हीच. महिने जातात, कधी वर्षंही जातात. सगळ्या मुलींना सगळ्या पायऱ्या जमतील असं नाही. ज्या जमणार नाहीत तिथे मदतीचा हात लागतो. पण शिकवायला वेळ आणि माणसं लागतात, शस्त्रक्रिया एका दिवसात होते. व्यवस्थेला काय सोयीचं वाटतं, हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडची सोय पाहा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी होते. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वयासाठी आहे. म्हणजे शाळा सुटली की शाळेतली फिजिओथेरपी सुटते, वाचोपचारही सुटतात. पुनर्वसनाचं कलम त्याच कायद्यात आहे, पण सरकारने ते आपल्या 'आर्थिक कुवतीच्या' मर्यादेत करायचं आहे.

शरीर मात्र अठराव्या वर्षी थांबत नाही. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नसली तरी स्नायू आखडत जातात, वजन वाढतं, सांधे दुखतात. लहानपणी धरून धरून चालणारी मुलगी विशीत खुर्चीला खिळू शकते. तिला उचलणारी आई तोवर पन्नाशीची होते आणि तिचीही कंबर गेलेली असते. थेरपी बंद होते तेव्हा ते काम नाहीसं होत नाही, ते आईच्या अंगावर येतं, फुकट. आणि मुलगी असेल तर 'आता मोठी झाली, बाहेर कशाला न्यायची' हेही असतंच.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अठराव्या वर्षी कायदा मुलीला सज्ञान मानतो. चंदीगडच्या संस्थेतल्या एका बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणीच्या गर्भपाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितलं की तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. २०१६ च्या कायद्याने तर अपंग स्त्रीच्या स्पष्ट संमतीविना गर्भपात करणं गुन्हा ठरवलं. तीव्र अपंगत्व असेल तर डॉक्टरांचं मत आणि पालकांची संमती चालते, हा अपवाद मात्र ठेवला. म्हणजे ज्या वयात तिच्या हो-नाहीला किंमत येते, नेमक्या त्याच वयात हो-नाही सांगायला शिकवणारी थेरपी बंद होते.

ज्या मुलींना बोलता येत नाही त्यांना चित्रांचा तक्ता देतात. तो तक्ता एकदा नीट पाहा. पाणी, जेवण, शी, शू, टीव्ही. वीस वर्षांच्या मुलीच्या तक्त्यावर 'नको', 'दुखतंय', 'मला हात लावला', 'मला एकटं राहायचंय' ही चित्रं कुठे आहेत? शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं तरी आहेत का? जिच्याकडे नकाराला शब्द नाही, तिचा नकार न्यायालयातही कोणाला ऐकू येत नाही.

म्हणून मोठ्या मुलींसाठी थेरपी मागताना तिचा हेतूही बदलून मागू या. तिला चारचौघींसारखी दिसायला लावणं हा हेतू नको. तिला शक्य तेवढं स्वतःचं स्वतः करता यावं, नको ते नको म्हणता यावं आणि हातून काही काम व्हावं, एवढं पुरे आहे.

मागण्या साध्या आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी अठरा वर्षांवरच्यांसाठी थेरपीची सोय हवी, आणि तिची आखणी चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून सुरू व्हावी. अंगाला हात लावायचा तर आधी मुलीला विचारावं, आईला नव्हे. स्त्री थेरपिस्ट मागण्याचा हक्क असावा. जाण्यायेण्याचा खर्च मिळावा, कारण रिक्षाच्या भाड्यापायी थेरपी सुटते.

आहे तेही पदरात पाडून घ्या. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे. एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, वयाची अट नाही, आणि ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही मिळतो. अठरानंतरच्या पालकत्वाचा अर्ज १९९९ च्या न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे करायचा असतो. तो करण्याआधी मुलीला काय हवं ते तिला समजेल अशा रीतीने विचारा.

या मागण्या एकट्या आईने खेटे घालून मान्य होणार नाहीत. आपल्या मोर्चात, आपल्या निवेदनात त्या यायला हव्यात. आणि त्या मोर्चात या मुलीही हव्यात, आपापले तक्ते घेऊन.