आधी कड पाहा, मग नाव

जुन्या पेटीतून फुलाफुलांचा रेशमी स्कार्फ निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, 'याचे किती मिळतील?' जुन्या कापडांचा मला नाद आहे, म्हणून हा प्रश्न माझ्याकडेही येतो. माझे सांगणे एकच असते : तो लगेच धुऊ नका, आणि नावाआधी कड पाहा.

उदाहरण घेऊ इटलीतल्या गुचीच्या 'फ्लोरा'चे. मोनॅकोची प्रिन्सेस ग्रेस केली हिला भेट द्यायची म्हणून रोदोल्फो गुची यांनी १९६६ मध्ये चित्रकार व्हित्तोरिओ आक्कोर्नेरो यांच्याकडून ही नक्षी काढून घेतली. चारही ऋतूंतली फुले, मधूनच फुलपाखरे, भुंगे, आणि रंग तब्बल ३७! अशा छपाईत प्रत्येक रंगाची जाळी वेगळी. एक जरी सरकली तरी पाकळीची रेघ बिघडणार.

पण नक्षी जुनी म्हणून स्कार्फ जुना, असे मात्र नाही. २००५ मध्ये हीच फुले हँडबॅगांवर नव्याने आली, आणि नकलाही पुष्कळ निघाल्या. म्हणून कड पाहायची. चांगल्या स्कार्फची कड गोल वळवून हाताने शिवलेली असते. ती फुगीर लागते आणि टाके किंचित कमी-जास्त असतात. यंत्राची शिलाई सपाट नि एकसारखी. मग कापड उजेडात धरा. बारीक तिरपी वीण दिसेल. उलट बाजूलाही रंग बऱ्यापैकी उतरलेला हवा. नक्षीत चित्रकाराची सही शोधा. यातली एकच खूण पुरेशी नाही. सगळ्या जुळायला हव्यात.

रेशीम की पॉलिएस्टर, ही शंका असेल तर आपसूक सुटलेला एखादा धागाच जाळून पाहा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, राख चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

'लेबल नाही, म्हणजे नकली,' असे म्हणून स्वस्तात मागणारे भेटतात. त्यांना भुलू नका. मानेला टोचते म्हणून लेबल कापून टाकणाऱ्या बायका खूप होत्या. उलट लेबल नकलेलाही लावता येते.

आता मोल. डाग, भोके, उडालेला रंग यांनी ते उतरते. इस्त्रीने चेपलेली कडसुद्धा किंमत खाली आणते. दुकानदार किती मागतो ते पाहू नका. तसाच स्कार्फ, तशाच अवस्थेत, प्रत्यक्ष कितीला विकला गेला ते पाहा. बहिणी-बहिणींत वाटणी असेल तर हे आधीच पाहून घेतलेले बरे, नाहीतर मागाहून मने दुखावतात.

आणि विकायचा नसेल, तर मऊ धुवट सुती कापडात गुंडाळून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. घडी मात्र अधूनमधून बदलत जा. रेशीम घडीवरच आधी विरते.