औषधांचे अवशेष, पाणी आणि लोकारोग्य



औषध रोग्याच्या पोटात गेले की त्याचे कार्य संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. घेतलेल्या औषधाचा काही अंश शरीरात न बदलता मलमूत्रावाटे बाहेर पडतो आणि सांडपाण्यातून नदीनाल्यांस मिळतो. जनावरांना व कोंबड्यांना दिलेली औषधे शेणामुतातून व विष्ठेतून, तर मुदत संपलेल्या गोळ्या मोरीतून वा उकिरड्यावरून त्याच वाटेने जातात. सांडपाणी शुद्धीकरणाची नेहमीची केंद्रे सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी उभारलेली असतात. हे अवशेष ती पूर्णपणे काढू शकत नाहीत.

मग असे पाणी पिणाऱ्यास अपाय होतो काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या अहवालानुसार पिण्याच्या पाण्यात आढळणारी औषधांची मात्रा उपचारास लागणाऱ्या किमान मात्रेच्या एक हजारांशाहूनही कमी असते आणि तिच्यामुळे माणसाला थेट अपाय होण्याचा संभव फारसा नाही. हा निष्कर्ष मुख्यतः ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील पाहण्यांवर आधारलेला आहे. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु औषधे जेथे तयार होतात, तेथील चित्र या निष्कर्षात मावत नाही.

हैदराबादजवळील पाटणचेरू हे त्याचे ठळक उदाहरण. तेथील सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या सामुदायिक प्रक्रिया केंद्राची तपासणी स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी केली व तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. रोग्याच्या रक्तात उपचाराच्या वेळी असणाऱ्या मात्रेहूनही हे प्रमाण अधिक होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत परिसरातील तलावांत व विहिरींतही औषधांचे अंश सापडले. हे सांडपाणी ज्या ओढ्यांत जात असे, ते मांजरा नदीस मिळतात. बीड जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी पुढे गोदावरीत विलीन होते.

खरा धोका येथेच आहे. पाण्यात प्रतिजैविक सतत राहिले की दुर्बळ जंतू मरतात, चिवट जंतू उरतात व वाढतात. एवढेच नव्हे, तर औषधाला दाद न देण्याचा हा गुण एका जातीचे जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूंना देऊ शकतात. असे जंतू माणसाच्या शरीरात शिरले, तर एरवी सहज बरा होणारा संसर्ग हाताबाहेर जातो. २०१९ या एका वर्षी औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. औषधांचा अनाठायी वापर हे याचे प्रमुख कारण असले, तरी दूषित पाण्याचाही त्यास हातभार लागतो.

केंद्र शासनाच्या जानेवारी २०२० च्या मसुद्यात कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांस मर्यादा सुचविल्या होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या समाविष्ट झाल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये या विषयावर प्रथमच मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. केरळ राज्याने २०२५ मध्ये कोळिकोड जिल्ह्यात घरोघरची निरुपयोगी औषधे गोळा करण्याचा उपक्रम हाती घेतला.

गावपातळीवरही पुष्कळ करता येण्याजोगे आहे. उरलेल्या गोळ्या मोरीत, ओढ्यात वा विहिरीजवळ टाकू नयेत, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावे. प्रतिजैविके डॉक्टरांच्या वा पशुवैद्यांच्या सल्ल्यावाचून वापरली जाऊ नयेत, याविषयी ग्रामसभेत चर्चा व्हावी. आरोग्य केंद्रातील मुदतबाह्य औषधे जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार जातात की नाही, हे अधिकाऱ्यांनी पाहावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात. औषधाचा अंश मात्र त्याने जाईलच असे नाही. तो पाण्यात जाऊच न देणे, हाच खात्रीचा उपाय होय.