औषधी वनस्पती आणि त्यांची माती
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तिचे कारण आमची विद्वत्ता नसून आमचे नुकसान होय, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. २०२० सालच्या महामारीपासून गुळवेल आणि अश्वगंधा ही नावे आपल्या घरोघरी मुलांच्याही तोंडी झाली. तेव्हापासून, गावाकडील पडीक जमिनीत काही औषधी लावावे काय, अशी पृच्छा करणारे बांधव वरचेवर भेटतात. आपल्यापैकी पुष्कळांचे बिऱ्हाड मुंबई-पुण्यास आणि जमीन कोकणात. घरास कुलूप, आंबा खंडाने दिलेला आणि भाताच्या खाचरांत गवत माजलेले, ही स्थिती कोणास नवी नाही. त्या जमिनीतून चार पैसे यावेत ही इच्छा स्वाभाविकच आहे. परंतु वनस्पतीचे नाव एकच असले, तरी ती कोणत्या मातीत, किती पाण्यावर आणि कोणत्या ऋतूत वाढली यावर तिच्या मुळांत काय उतरते हे ठरत असते. आणि बाजारात विकावयाचे ते तेवढेच.

आमच्या अश्वगंधेची हकीकत ऐका. रत्नागिरी जिल्ह्यातील वडिलोपार्जित जागेत आम्ही पाच गुंठे जमीन साफ करविली, शेणखत सढळ हाताने घातले आणि मृगाचा पहिला पाऊस पडताच बी फेकले. रोपे उगवली तेव्हा आम्हांस कोण आनंद झाला! श्रावणात ती एकामागून एक माना टाकू लागली. जी तगली त्यांची पाने रुंद व हिरवीगार. पण उपटून पाहावे तो मूळ दाभणाएवढे. शेजारच्या एका वृद्ध कुळाने आमचे सांत्वन केले ते असे : "भाऊसाहेब, पाला काय वाईट आलेला नाही!"

चूक पावसाची नव्हती, आमची होती. अश्वगंधा ही कोरड्या मुलुखातील वनस्पती. तिची मोठी लागवड होते ती मध्य प्रदेशातील नीमच व मंदसौर या भागांत. तेथे पाऊस ओसरू लागला म्हणजे ती पेरतात. मागे उरलेल्या ओलीवर आणि पुढील कोरड्या थंडीवर ती वाढते. हलकी, निचऱ्याची जमीन तिला पुरते. फार पाणी व फार खत दिल्यास ती पाल्यातच रमते. पाच-सहा महिन्यांनी पाने पिवळी पडून फळे लाल झाली की मुळे खणावयाची. जे मूळ जाड असते, कट्कन मोडते आणि आत पांढरे पिठूळ दिसते, त्यास भाव चढा मिळतो. दुसऱ्या वर्षी आम्ही पाऊस संपल्यावर, आश्विनात, वाळू मिसळलेल्या उंच गादीवाफ्यांवर पेरणी केली. या वेळी मुळे खरोखरच बोटासारखी आली. तथापि, मजुरी आणि बियाणे वजा जाता हाती काय राहिले, हे सौ.ने हिशेबाच्या वहीत लिहून ठेवले आहे व ती वही आम्ही पुन्हा उघडलेली नाही. कोकणात अश्वगंधा येते, परंतु पैशांसाठी तेथे ती लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग कोकणाने लावावे तरी काय? ज्या खाचरात पाणी हटत नाही आणि भात करावयास माणूस नाही, तेथे वेखंडाचा विचार करावा. अश्वगंधेस जे मारक तेच वेखंडास तारक. ते चिखलात, साचलेल्या पाण्यात सुखाने वाढते आणि वर्षभराने त्याचे गड्डे काढावयास येतात. आंब्याच्या विरळ सावलीत आणि दमट हवेत सर्पगंधेस बरे वाटते. या मुळीसंबंधी एक गोष्ट आपणांस अभिमानाची आहे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिच्या गुणाविषयीचा आपला निबंध इंग्लंडमधील हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाचे लक्ष तिजकडे गेले. लगोलग १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. परिणाम असा झाला की मागणी वाढली आणि रानेच्या राने खणली जाऊन ही वनस्पती दुर्मीळ झाली. म्हणून रानातून आणलेली मुळी विकत घेऊ नये आणि आपली रोपे कोठून आणली याची नोंद ठेवावी. तिचे बी फार थोडे उगवते. ते पाण्यात टाकून तरंगेल ते फेकावे व बुडेल तेवढेच पेरावे. मुळे तयार होण्यास दीड ते तीन वर्षे लागतात. मुख्य गोष्ट ही की औषधी अंश बहुतांशी मुळाच्या सालीत असतो. माती काढण्याच्या उत्साहात साल खरवडून टाकणारा मनुष्य औषध उकिरड्यावर टाकतो आणि काष्ठ बाजारात नेतो.

आता पांढऱ्या मुसळीविषयी बोलणे भाग आहे, कारण या सभागृहात तिने पोळलेली आमच्याशिवाय आणखीही कुटुंबे आहेत. तिच्या शास्त्रीय नावात आपल्या बोरिवलीचे नाव आहे. फादर सांतापाव व फर्नांडिस यांनी तिचे वर्णन करून ते नाव तिला दिले. रानात ती झाडांखाली, पावसापुरती वर येते. शेतात ती भुसभुशीत, निचऱ्याच्या वाफ्यांवर मृगात लावतात; मात्र लावावयाच्या प्रत्येक मुळीस वरच्या चकतीचा तुकडा असावा लागतो, नाहीतर ती फुटत नाही. पावसाळ्याअखेर पाने गळून पडतात, आणि तेथेच पुष्कळजण घाई करतात. मुळ्या आणखी दोन-तीन महिने जमिनीतच पक्व होऊ द्यावयाच्या असतात. मग एकेक मुळी हाताने सोलून वाळवावयाची. पाच किलो ओल्या मालाचा सुकून जेमतेम एक किलो होतो.

नोकरीनिमित्त खानदेशात स्थायिक झालेल्या आमच्या मेहुण्यांनी हे सारे यथास्थित केले. २००० सालच्या आसपास मुसळीची जी लाट आली होती, तीत एका व्यापाऱ्याने त्यांस महागड्या भावाने बेणे दिले व सर्व माल परत घेण्याचे लिहून दिले. पीक उत्तम आले. व्यापारी मात्र आला नाही. दोन एकरांची मुसळी घरातील पलंगांखाली पोत्यांत पडून राहिली आणि आमच्या भाचीचे लग्न एक वर्ष पुढे गेले. आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. त्या वर्षांत आमच्या पाहण्यात मुसळी घेणारे जे होते, ते औषध करणारे नव्हते, नव्याने लागवड करणारे होते. बेण्यावर बेणे विकले जात होते. नवे शेतकरी संपले तेव्हा गिऱ्हाईकही संपले. म्हणून औषध करणाऱ्या वैद्याशी अगर कारखान्याशी प्रत्यक्ष बोलणे झाल्याखेरीज, आणि त्यास मुळी, पान की साल, ओली की सुकी, काय हवे ते कळल्याखेरीज कुदळ हाती घेऊ नये. जो मनुष्य आधी बेणे विकू पाहतो, त्याच्याशी तर बोलूच नये. २००० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापिले आहे. दापोलीस कृषी विद्यापीठ आहे. पोस्टाच्या खर्चात जे ज्ञान मिळते ते आम्ही बरीच रक्कम मोजून घेतले.

ज्यांजवळ जमीन नाही, केवळ सज्जा आहे, अशा भगिनींसाठी थोडे सांगतो. तुळस उन्हात ठेवावी. सावलीतील तुळस वाढते खरी, पण तिचा वास फिका होतो. कोरफड मायेने मरते. कुंडीतील माती पुरती कोरडी झाल्यावाचून तिला पाणी घालू नये. अडुळसा गावच्या कुंपणास लावावा. शेळी त्यास तोंड लावीत नाही, त्यामुळे कुंपणाचे आणि खोकल्याचे अशी दोन्ही कामे होतात. आणि कोणतेही औषध आपल्या दारचे आहे एवढ्यावरून मनास येईल तितके घेऊ नये, वैद्यास विचारावे.

आमच्या गावची ती पाच गुंठे जमीन या वर्षापासून मंडळाच्या सभासदांस प्रयोगासाठी मोकळी आहे. अर्ध्या भागात वेखंड व अर्ध्या भागात आंब्याखाली सर्पगंधा लावण्याचे योजिले आहे. खर्च, मजुरी व निघालेला माल यांचा हिशेब पुढील स्मरणिकेत, तोटा झाल्यास तोट्यासह, छापावा अशी संपादकांस विनंती करून ठेविली आहे. वही या खेपेस सौ.कडे नसून कोषाध्यक्षांकडे राहील.

दाराशी ठेवलेल्या पिशवीत गुळवेलीचे तुकडे आहेत. ओळख पटलेल्या वेलाचे, आमच्या निंबावरील आहेत. मृग तोंडावर आला आहे, तेव्हा जाताना प्रत्येक कुटुंबाने एकेक न्यावा. दोरा बांधलेले टोक वर ठेवून लावावा, आणि चढावयास एखादे झाड अगर काठी द्यावी.