घर आणि राष्ट्र

परदेशात घर विकत घेणाऱ्यास त्या घराची किल्ली मिळते. पण त्या राष्ट्राचा दरवाजा तिने उघडतोच असे नाही. कायम वास्तव्याचा परवाना आणि नागरिकत्व ह्या दोन गोष्टी बोलण्याच्या ओघात एकच समजल्या जातात. वस्तुतः पहिली ही राज्याने दिलेली अनुज्ञा आहे, तर दुसरे हे राज्याशी जडलेले नाते. परवानाधारकास राहता येते, व्यवसाय करता येतो, करही भरावा लागतो. परंतु बहुतेक देशांत राष्ट्रीय निवडणुकीत त्यास मत नसते, आणि दीर्घकाळ देशाबाहेर राहिल्यास परवाना रद्दही होऊ शकतो.

पोर्तुगालचे उदाहरण बोलके आहे. पाच लाख युरोंची स्थावर मालमत्ता घेणाऱ्या परकीयास निवासाचा परवाना देण्याची योजना त्या देशाने २०१२ साली आखली. हा परवानादेखील प्रारंभी तात्पुरताच असे. वर्षाकाठी सरासरी सात दिवसांचे वास्तव्य त्यास पुरे होई. पुढे लिस्बनमधील घरे तेथल्याच सामान्य माणसांना परवडेनाशी झाली, असंतोष वाढला आणि २०२३ मध्ये मालमत्तेचा हा मार्ग बंद झाला. स्पेननेही आपली अशीच योजना एप्रिल २०२५ मध्ये संपुष्टात आणली.

कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स आणि नेव्हिस हा देश मात्र १९८४ पासून गुंतवणुकीच्या मोबदल्यात थेट नागरिकत्व देत आला आहे. युरोपात माल्टाने हीच वाट धरली. तेव्हा युरोपीय संघाच्या न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ रोजी ती बेकायदा ठरविली. नागरिकत्व परस्परनिष्ठेवर उभे असते, त्याचा व्यापार होऊ शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

भारतीयाने ह्या व्यवहाराची खरी किंमत नीट पारखली पाहिजे. परकीय निवासाचा परवाना घेतल्याने त्याचे भारतीयत्व बाधित होत नाही. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच मात्र, राज्यघटनेचा नववा अनुच्छेद आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा ह्यांनुसार, ते संपते. गोमंतकात ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या अनेकांना युरोपचे द्वार खुले झाले, पण गावच्या निवडणुकीत त्यांचे मत उरले नाही. अशांना भारताच्या प्रवासी नागरिकत्वाचे ओळखपत्र मिळू शकते. तथापि त्याने मतदानाचा वा शेतजमीन विकत घेण्याचा अधिकार परत येत नाही.

म्हणून दलालाने पुढे केलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : ह्यातून काय मिळते, एवढेच नव्हे, तर काय सुटते?