फळ्यावरच्या तारखा



बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातून 2022 मध्ये शीतयुद्ध आणि अमेरिकी वर्चस्व ही दोन प्रकरणं गाळली गेली. चीनचा उदय शिल्लक राहिला. म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातली मुलं चीन पुस्तकात वाचतात आणि अमेरिका मोबाइलवर ऐकतात. या दोघांचं आपसांत काय चालतं, हे त्यांना शिक्षकानंच सांगायला हवं. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून ते सोडून देणं मला मान्य नाही.

ग्वाल्हेरच्या शिक्षकाला उदाहरणासाठी लांब जावंच लागत नाही. शिंदे की छावणीत जन्मलेले, इथल्याच व्हिक्टोरिया कॉलेजात शिकलेले अटलबिहारी वाजपेयी फेब्रुवारी 1979 मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून चीनला गेले. 1962 च्या युद्धानंतर एवढ्या पातळीवरची ही पहिलीच भेट. ते तिथं असतानाच, 17 तारखेला, चीननं व्हिएतनामवर हल्ला केला. वाजपेयी दौरा अर्धवट टाकून परतले.

हे ऐकून मुलं चीनवर चिडतात. चिडू द्यावं. मग फळ्यावर आधीच्या तारखा लिहाव्यात. 1 जानेवारी 1979 : अमेरिका आणि चीन यांच्यात रीतसर राजनैतिक संबंध. महिनाअखेर : चीनचे नेते डेंग शियाओपिंग वॉशिंग्टनमध्ये. व्हिएतनामला धडा शिकवण्याचा बेत डेंग यांनी तिथंच अध्यक्ष कार्टर यांच्या कानावर घातला. कार्टर यांनी तसं करू नका म्हटलं, पण हल्ला झाल्यावरही नवी मैत्री तुटू दिली नाही. कारण व्हिएतनामच्या पाठीशी सोव्हिएत युनियन होता, आणि त्याला आवर घालणं दोघांनाही हवं होतं. त्याच सोव्हिएत युनियनशी आपण ऑगस्ट 1971 मध्ये मैत्रीचा करार केला होता. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप बीजिंगला जाऊन आले होते. इथवर आलं की मुलांना दिसू लागतं, की अमेरिका-चीनच्या व्यवहारात आपण कधीच नुसते बघे नव्हतो.

पुढचा धडा 1998 चा. 11 आणि 13 मे रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या. पंतप्रधान वाजपेयींनी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांना पत्र लिहून कारण सांगितलं : आपल्या सीमेला लागून एक अण्वस्त्रधारी देश आहे आणि त्यानं 1962 मध्ये आक्रमण केलं होतं. चीनचं नाव न घेता लिहिलेलं हे पत्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं छापलं. पाठोपाठ पाकिस्ताननंही चाचण्या केल्या. जूनअखेर क्लिंटन बीजिंगला गेले आणि चीनचे अध्यक्ष जियांग झेमिन यांच्याबरोबर त्यांनी भारत-पाकिस्तानच्या चाचण्यांवर संयुक्त निवेदन काढलं. ज्याच्या भीतीचं कारण आपण दिलं, त्यालाच सोबत घेऊन अमेरिकेनं आपल्याला संयमाचे धडे दिले!

ते पत्र आणि ते निवेदन मुलांच्या हाती द्यावं. अमेरिकेनं असं का केलं, याचं उत्तर त्यांनाच वहीत लिहू द्यावं, आपण घाईनं सांगू नये. मार्च 2000 मध्ये तेच क्लिंटन दिल्लीत आले आणि वाजपेयींनी त्यांचं स्वागत केलं. दुसऱ्या दिवशीचा तास तिथून सुरू करावा.